इंग्लंडमध्ये ट्रेनच्या तिकिटावरून आरोप झाला, तर काय करावे?

इंग्लंडला शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींवर हा आरोप येतो तेव्हा बहुतेकदा खिशात तिकीट असते, पण चुकीचे. ऑफ-पीक तिकीट घेऊन सकाळच्या गर्दीच्या वेळी गाडी पकडलेली असते, ॲडव्हान्स तिकिटावर नेमून दिलेली गाडी सोडून दुसरीत चढलेले असतात, किंवा सवलतीच्या रेलकार्डची मुदत नुकतीच संपलेली असते. मुंबईत टीसीने दंड घेऊन पावती फाडली की विषय सहसा तिथेच मिटतो. इंग्लंडमध्ये तो कधी कधी घरी पत्र आल्यावर खरा सुरू होतो. अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान होते ते घाबरून पत्राला उत्तरच न देणाऱ्याचे.

गाडीत किंवा गेटवर

नाव-पत्ता खरा सांगा. खोटा सांगणे हा 1889 च्या रेल्वे कायद्यानुसार वेगळा गुन्हा आहे. तपासनीस दिसल्यावर घाईघाईने फोनवर तिकीट काढू नका. खरेदीची वेळ ॲपमध्ये नोंदलेली असते आणि ती तुमच्याविरुद्ध जाते. मित्राचे रेलकार्ड पुढे करणे तर मुळीच नको.

तपासनीसाने ‘तुमच्यावर बोलण्याची सक्ती नाही, पण जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते’ अशा अर्थाची सूचना दिली, तर प्रकरण खटल्यापर्यंत जाऊ शकते हे ओळखा. प्रश्न कळला नाही तर सावकाश पुन्हा विचारायला सांगा. परक्या उच्चारांपुढे बावरून ‘येस, येस’ म्हणत राहण्याची आपली सवय इथे फार महाग पडते. ‘याआधी किती वेळा असे केले?’ या प्रश्नाला अंदाजाने आकडा सांगू नका, पण खोटेही बोलू नका, कारण गाड्या चालवणाऱ्या कंपन्या ॲपवरची जुनी खरेदी तपासतात. सही मागितली तर लिहिलेले आधी वाचा. तुम्ही न बोललेले काही त्यात असेल तर तिथेच सांगा.

बाहेर पडल्यावर स्टेशन, वेळ, गाडी आणि झालेले बोलणे लगेच लिहून काढा. तिकिटाचे मशीन बंद असेल तर त्याचा फोटो घ्या.

हातातला कागद कोणता, ते पाहा

पेनल्टी फेअरची, म्हणजे दंडासह भाडे भरण्याची, नोटीस असेल तर रक्कम 100 पौंड अधिक एकेरी प्रवासाचे भाडे असते. 21 दिवसांत भरल्यास 100 चे 50 होतात. ही दिवाणी आकारणी आहे, ती भरली म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. आकारणी चुकीची वाटत असेल तर त्याच 21 दिवसांत नोटिशीवर दिलेल्या ठिकाणी अपील करा. अपिलाचे तीन टप्पे असतात, म्हणून पहिला नकार आला तरी थांबू नका. सुरुवातीच्या स्टेशनवर तिकीट मिळण्याची सोयच नव्हती किंवा कर्मचाऱ्याने तसे चढायला परवानगी दिली होती, ही भक्कम कारणे आहेत. ‘मी नवीन आहे, मला माहीत नव्हते’ हे खरे असले तरी एकटे पुरत नाही. वैध रेलकार्ड घरी विसरले असेल तर 28 दिवसांत परताव्याचा अर्ज करता येतो, पण वर्षातून एकदाच.

नोटीस न देता फक्त तुमचा तपशील लिहून नेला असेल, तर काही आठवड्यांनी कंपनीचे पत्र येईल. ते पत्र जास्त गंभीर.

पत्राला उत्तर

दिलेल्या तारखेच्या आत, संदर्भ क्रमांक घालून, एका पानात लिहा. काय घडले ते क्रमाने सांगा, तिकीट आणि बँकेतल्या नोंदीची प्रत जोडा. चूक तुमची असेल तर सरळ मान्य करा आणि बुडालेले भाडे व कंपनीचा वाजवी खर्च भरण्याची तयारी दाखवून प्रकरण कोर्टाबाहेर मिटवण्याची विनंती करा. मान्य करणे कंपनीच्या मर्जीवर आहे, तरी पुष्कळ कंपन्या ऐकतात. मात्र ‘पैसे बुडवायचे ठरवले होते’ असा अर्थ निघेल असे वाक्य, ते खरे नसताना, नुसत्या नम्रतेपोटी लिहू नका. 1889 च्या कायद्याखाली इरादा सिद्ध झाला तर 1000 पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वेच्या उपविधींखालच्या (बायलॉज, म्हणजे रेल्वेच्या नियमांखालच्या) गुन्ह्याला इरादा लागतच नाही, वैध तिकीट नव्हते एवढे पुरते.

कंपनीची बाजू नेहमीच पक्की असते असे समजू नका. 2024 मध्ये 1.90 पौंड कमी भरल्याबद्दल एका तरुणावर सुरू केलेली कारवाई गाजावाजा झाल्यावर मागे घेतली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, चुकीच्या पद्धतीने चालवलेले सुमारे 74,000 खटले रद्दबातल ठरतील असा निर्णय मुख्य दंडाधिकाऱ्यांनी दिला.

कोर्टाची नोटीस आली तर

21 दिवसांत दोषी की निर्दोष ते कळवायचे असते. खोली बदलल्यामुळे नोटीस मिळालीच नाही आणि परस्पर दंड झाला, तर कळल्यापासून 21 दिवसांत तसे शपथेवर जाहीर करून प्रकरण पुन्हा उघडता येते. म्हणून जुन्या घरातल्या सोबत्यांना पत्रे जपून ठेवायला सांगा.

दोषी असल्याचे कळवण्याआधी विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेचे सल्ला केंद्र किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था गाठा. दोन्हीकडे सल्ला मोफत मिळतो. कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर पुढच्या व्हिसाच्या अर्जात तो सांगावा लागतो, आणि लपवला तर त्या लपवण्यावरूनही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराशी हे त्याच आठवड्यात बोला.