वहीचं डावं पान

जलरंगाची वही मी अकरा वर्षं भरते आहे. त्यातली पहिली दोन वर्षं जवळजवळ फुकट गेली, कारण त्या दोन वर्षांत मी वहीत फक्त चित्रं काढली.

उजव्या पानावर चित्र, खाली तारीख, कोपऱ्यात सही. बिघडलेलं पान ब्लेडने शिवणीपासून अलगद कापायचं, म्हणजे वही दाखवताना लाज वाटायला नको. एकदा एका अनुभवी चित्रकार बाईंनी ती वही चाळली. एका ढगावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा ग्रे कशातून काढलास?" मला सांगता येईना. चार महिन्यांपूर्वी तो माझ्याच ब्रशातून उतरला होता, पण कुठले रंग, किती पाणी, काही आठवेना. मग त्यांनी वही मधोमध उघडून शिवणीपाशी उरलेल्या कागदाच्या पट्ट्या पाहिल्या. "ही पानं बघायला आवडली असती," एवढंच म्हणाल्या आणि वही परत दिली.

तेव्हापासून मी डावं पान चित्रासाठी वापरत नाही. तिथे कोणते रंग घेतले त्यांचे दोन-तीन ठिपके, त्यांचं मिश्रण, आणि काय चुकलं ते लिहिलेलं असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मला काही सांगायचं असेल तर ते या डाव्या पानाबद्दलच आहे. उजवं पान ज्याचं त्याला सापडतं.

माझ्या डाव्या पानांवर सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द आहे 'घाई'. जलरंगात निम्मं काम पाणी करतं आणि पाण्याला त्याचा वेळ लागतो, हे ऐकून सगळ्यांनाच माहीत असतं. पण नेमकं बघायचं काय? कागदावर पाण्याचा वॉश (पातळ, सलग थर) दिला की वही डोळ्यांच्या पातळीला धरा आणि तिरकं बघा. सुरुवातीला कागद आरशासारखा चमकतो, खिडकीचं प्रतिबिंबही दिसतं. या वेळी सोडलेला रंग वाटेल तिकडे धावतो. थोड्या वेळाने चमक मोडते, कागद रेशमी दिसायला लागतो. ढगाच्या मऊ कडा, धुक्यातली झाडं हे सगळं याच वेळात होतं. रंग पसरतो, पण फार लांब जात नाही. मग चमक पूर्ण जाते. कागद कोरडा वाटतो, पण बोटाची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. (बोटाचं टोक टेकवू नये, त्याचा तेलकट डाग पुढच्या वॉशमध्ये उठून दिसतो.) खरी फसगत इथे होते. कागदात ओल आहे, त्याहून जास्त पाणी असलेला ब्रश टेकला की ते पाणी अर्धवट वाळलेला रंग बाहेर ढकलतं आणि दातेरी कडेचा पांढुरका डाग तयार होतो. आम्ही त्याला सरळ 'फ्लॉवर आला' म्हणतो. माझ्या एका डाव्या पानावर लिहिलंय: "अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. चमक गेली होती, दिसत होतं, तरी हात शिवशिवला. फ्लॉवर. मग तो पुसायला गेले. आणखी दोन फ्लॉवर."

असा डाग आला की हात मागे घ्यायचा आणि पान पूर्ण वाळू द्यायचं. नंतर बऱ्याचदा तो डाग बरा दिसतो. नाही दिसला तरी ओलसर ब्रशने कड हलकेच चोळून टिश्यूने टिपता येते.

कागदाबद्दल थोडं रोखठोक सांगते. स्वस्तात भागवायचं असेल तर रंगांत भागवा, ब्रशांत भागवा, कागदात नको. साध्या ड्रॉइंगच्या वहीत वर सांगितलेलं काहीच घडत नाही. पाणी लगेच शोषलं जातं, पान फुगतं आणि दोष आपल्या हाताचा आहे असं वाटत राहतं. मी सुमारे वर्षभर त्या समजुतीत काढलं. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, कागद असलेली छोटी वही घ्या, शक्य असेल तर कॉटनची. २०० जीएसएमही चालतो, फक्त चारही बाजूंनी क्लिपा लावाव्या लागतात. आकार ए५ पुरे. चांगल्या कागदाला साइझिंग असतं, म्हणजे जिलेटिनसारख्या पदार्थाचा थर, आणि त्यामुळेच रंग वरच्या वर थोडा वेळ खेळतो. वही दमट जागी वर्षानुवर्षं पडली तर हे साइझिंग खराब होतं आणि कागद टीपकागदासारखा वागायला लागतो. 'चांगल्या चित्रासाठी' जपून ठेवलेल्या एका वहीचं माझ्याकडे हेच झालं.

रंगांवर लोक तासन् तास बोलू शकतात. मी पाच-सहावर अडून आहे. ट्यूबवरच्या मोहक नावांपेक्षा बारीक अक्षरातला पिगमेंट कोड (रंगद्रव्याचा क्रमांक) वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन: खरखरीत कागदावर त्याचे दाणे खळग्यांत बसतात आणि ओल्या ब्रशने तो बराचसा उचलता येतो. पीबी १५ म्हणजे थॅलो निळा: एकदा कागदात मुरला की पुसायचं नाव काढायचं नाही. दोन्ही 'निळेच', पण एकाने आकाश दुरुस्त होतं, दुसऱ्याने होत नाही. डाव्या पानावर मी नाव न लिहिता कोड लिहिते, कारण एकाच नावाखाली दोन कंपन्या वेगवेगळी रंगद्रव्यं विकतात.

रोजच्या दिवसात हे बसवायचं कसं, असं नवीन मुलं नेहमी विचारतात. मी पहाटे उठून रियाज करणाऱ्यांतली नाही. माझ्याकडे वीस मिनिटं असतात, कधी बसमध्ये, कधी दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. वीस मिनिटांत पेन्सिलीने आकार, एक वॉश, आणि तो वाळेपर्यंत डावं पान. दुसरा वॉश संध्याकाळी, नाहीतर नाहीच. जागेवर बसून सगळं रंगवून संपवलंच पाहिजे, हा हट्ट मी सोडला. इंग्लिश चित्रकार टर्नरची सुमारे ३०० स्केचबुकं आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहेत. १८१९ साली नेपल्समध्ये असताना बाहेर बसून रंगवायला फार वेळ जातो, एका रंगीत चित्राच्या वेळात १५-१६ पेन्सिल स्केचेस होतात, असं त्याने सांगितल्याची नोंद आहे. त्याला जे चाललं ते मला का चालू नये? फक्त पेन्सिल स्केचवर 'इथे थंड सावली', 'भिंत आकाशापेक्षा फिकी' असं जागच्या जागी लिहून ठेवते. भिंत फिकी होती की गडद, हे घरी आल्यावर हमखास उलटं आठवतं.

विषय शोधत फिरू नका. खुर्चीवर टाकलेला शर्ट घ्या. मी एकाच पांढऱ्या कपाची चाळीसेक पानं भरली आहेत आणि पांढऱ्या वस्तूच्या सावलीत शेजारच्या वस्तूंचे रंग कसे येतात ते त्यातूनच समजलं. कप अजून नीट जमत नाही, त्याच्या तोंडाची लंबगोल कड वाकडी जाते.

पोटापाण्याचं म्हणाल तर वहीतली पानं मी विकत नाही. पण पुस्तकाच्या चित्रांचं काम येतं तेव्हा डावी पानं सरळ हिशेबाला येतात. 'पावसाळी संध्याकाळ हवी, गढूळ नको' असं संपादक म्हणाले, की मी अंदाज बांधत बसत नाही. तीन वह्या काढते, तसा ग्रे शोधते, बाजूला कोड असतात. एकदा मात्र चांगलीच अडकले. जुन्या नोंदीवरून अ‍ॅलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, वापरून केलेलं मूळ चित्र एकाने भिंतीवर उजेडात लावलं आणि काही महिन्यांत त्यातला गुलाबी उडाला. वहीत तोच रंग ताजा होता, कारण बंद वहीत उजेड जात नाही. चूक माझी होती, चित्र पुन्हा करून दिलं. आता नवीन रंग आला की त्याची पट्टी रंगवते, अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकते आणि खिडकीच्या काचेला चिकटवून विसरून जाते. सहा महिन्यांनी पुठ्ठा काढला की कळतं.

बाकी सवयी किरकोळ आहेत. पॅलेट ओला असताना बंद करू नका, बुरशी येते. ब्रश पाण्यात उभा ठेवून उठू नका, टोक कायमचं वाकतं.

ती पहिली वही अजून जपून ठेवली आहे. शिवणीपाशी कापलेल्या पानांच्या नऊ पट्ट्या आहेत. एका पट्टीवर करंगळीच्या नखाएवढा ग्रे उरलाय, आणि तो त्या ढगाच्या ग्रेपेक्षाही सुंदर आहे. दाणे दिसतात, म्हणजे अल्ट्रामरीन असावा. दुसरा रंग कुठला, ते मला अजून जुळवता आलेलं नाही.