नवतपा लागायच्या आत

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. दोन बैल, एक गाय आणि घरामागं सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्याची परसबाग. पावसाळ्याआधीची कामं मी १५ मेला सुरू करते आणि २५ तारखेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत उरकते. त्यानंतर सकाळी नऊलाच अंगण तापतं, माणूस काम करूच शकत नाही.

सगळ्यात आधी सोयाबीनचं बी तपासायचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही घरचं बी न तपासता पेरलं. पोती थेट सिमेंटवर, एकावर एक आठ रचली होती. बी दिसायला टपोरं होतं, पण पेरलेल्या ओळीत हात हात अंतरावर एखादं रोप उगवलं. दुबार पेरणीला सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवल्या. तेव्हापासून मे लागला की त्या रोज विचारतात, "बी मोजून झालं का वं?"

तपासणी अशी करा. प्रत्येक पोत्याच्या वर, मधे आणि तळाशी हात घालून मूठ मूठ दाणे घ्या आणि एकत्र करा. त्यातले १०० मोजा. चांगले चांगले निवडू नका, हाताला येतील तेच घ्या. गोणपाट भिजवून पिळा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका आणि सैल गुंडाळी करा. अशा तीन गुंडाळ्या सावलीत ठेवा. मी माठाजवळ ठेवते, पाणी घ्यायला गेलं की आपोआप शिंपडलं जातं. आमच्याकडच्या उन्हात दिवसातून तीनदा तरी शिंपडावं लागतं. सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच दाणे मोजा आणि तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी काढा.

७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. ६५ उगवले तर ३२ किलोंच्या थोडं वर, ६० ला ३५ किलो. त्याखाली गेलं तर मी ते बी पेरत नाही, अजून दुसरं शोधायला हातात दिवस असतात. म्हणूनच ही तपासणी जूनवर ढकलू नका.

सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं, आत कोंब त्याला लागूनच. पोतं बैलबंडीवरून आपटू नका. खाली लाकडी फळ्या टाका, पाचाच्या वर थप्पी नको. पेरणीच्या दिवशी आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर दहा किलोंना २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत लावा आणि बी सावलीतच वाळवा. हातानं रगडून चोळू नका, साल निघते.

सोयाबीनचं घरचं बी ठेवणं जमतं, कारण वाण सरळ असतं, म्हणजे संकरित नसतं. बीटी कपाशीचं संकरित बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं.

बाकीची कामं सोपी आहेत. छपराची कवेलू (कौलं) फेरून घ्या, कुटार (जनावरांचा भुसा) कोठ्यात आत घ्या, गोवऱ्या झाका. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू नका. त्यात साप बसतो. काडी ओढताना आधी काठीनं ढीग हलवा, रात्री टॉर्चशिवाय हात घालू नका.

पेरणीची घाई मृग लागला म्हणून करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या. सरळ उभ्या काठांचा डबा उघड्यावर ठेवा, पाऊस थांबला की लेकराची पट्टी त्यात उभी धरा, आकडा लिहा आणि डबा ओता. सगळ्या आकड्यांची बेरीज साडेसात सेंटिमीटरच्या पुढं गेली की तिफण काढा.

तोवर सांदवाडीत कुंपणालगत वीत वीत खोल आळी करून शेणखत भरून ठेवा. राखेत ठेवलेलं दोडक्याचं, वालाचं आणि कोहळ्याचं बी पहिल्या चांगल्या पावसानंतर त्यात टोचा, एका आळ्यात तीन दाणे.