सेकंडहँड निकॉन डी750 घेताय? आधी शटर असं तपासून घ्या

बरेच लग्नवाले फोटोग्राफर मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) गेलेत, त्यामुळे त्यांचे डी750 विकायला निघतात. कॅमेरा आजही भारी आहे, 24 मेगापिक्सल, फुलफ्रेम (म्हणजे मोठा सेन्सर), कमी उजेडात पण मस्त. पण घेणारे बॉडीवरचे ओरखडे बघत बसतात आणि शटरकडे, म्हणजे फोटो काढताना सेन्सरसमोर उघडबंद होणाऱ्या पडद्याकडे, कोणी बघतच नाही. ओरखड्यांनी फोटोला काही होत नाही हो, शटर मात्र प्रत्येक क्लिकला झिजतं आणि ते बदलायचं म्हणजे खिशाला चांगलीच चाट.

निकॉनने या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे. आता हळदीपासून रिसेप्शनपर्यंत एका लग्नात 3000 क्लिक धरा, म्हणजे 50 लग्नांत दीड लाख झाले की. म्हणून "दोनच सीझन वापरलाय" असं कोणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका, आकडा मागा. दीड लाख झाले की लगेच बंद पडतो असंही नाही, काही पुढे खूप चालतात, काही आधीच जातात, पण भाव करताना आकडा हातात पाहिजे.

निकॉन हा आकडा प्रत्येक फोटोच्या आत, एक्झिफमध्ये (फाइलमध्ये लपलेल्या माहितीत) लिहून ठेवतो. विकणाऱ्याला आत्ताच्या आत्ता एक नवीन फोटो काढायला सांगा आणि कॅमेऱ्यातली फाइल आहे तशी मागा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती उडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा नाहीतर ड्राइव्हवर टाकायला सांगा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट केलेला फोटो पण चालणार नाही. मग एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, विंडोजवर फोटो उचलून त्याच्या आयकॉनवर सोडला की लांबलचक यादी येते, त्यात शटर काउंट (Shutter Count), म्हणजे एकूण क्लिकचा आकडा, शोधा. त्याच यादीत सिरियल नंबर पण असतो, तो बॉडीच्या खालच्या नंबरशी जुळतोय ना हे नक्की बघा, दुसऱ्याच कॅमेऱ्याचा फोटो पाठवणारे असतात. आणि फाइलच्या नावातला नंबर बघून काही ठरवू नका, तो 9999 नंतर परत 0001 होतो.

डी750 साठी अजून एक गोष्ट. काही कॅमेऱ्यांच्या शटरमुळे फोटोच्या एका भागावर सावली येते असं निकॉनने 2015 मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं आणि पुढे 2016, 2017 मध्ये त्यात अजून कॅमेरे आले. त्यामुळे शटर बदललंय का हे विचाराच, बदललं असेल तर बिल मागा. बदललेलं शटर असेल तर घाबरायचं कारण नाही, उलट चांगलंच.

आता खरी टेस्ट, कारण नुसत्या आकड्यावर कॅमेरा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दिवसा भेटा. सावलीतली पांढरी भिंत घ्या, एम (मॅन्युअल) मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) बंद, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं (म्हणजे लेन्सच्या पात्यांमुळे उजेड कमीजास्त व्हायचा प्रश्न नाही), फोकस मुद्दाम आऊट करा आणि 1/4000 सेकंद शटर स्पीडवर भिंत राखाडी दिसेल एवढा आयएसओ ठेवून सलग 20-30 फोटो मारा. मग स्क्रीनवर भराभर पुढे ढकलत बघा. एखादा फोटो मध्येच काळपट आला, किंवा वर नाहीतर खाली आडवा काळा पट्टा दिसला, तर शटरचे दोन पडदे एकमेकांशी नीट जुळून धावत नाहीयेत. नुसते चारही कोपरे काळपट असतील तर ते लेन्सचं आहे, सोडून द्या. मग आयएसओ कमी करत 1/1000, 1/250 वर पण मारा, पट्टा फक्त 1/4000 ला येत असेल तरी तो दोषच. ही टेस्ट दुकानातल्या एलईडी किंवा ट्यूबखाली अजिबात करू नका, तिथे लाइटच्या फ्लिकरमुळे (डोळ्यांना न दिसणाऱ्या लुकलुकण्यामुळे) चांगल्या कॅमेऱ्यात पण पट्टे येतात आणि उगाच सौदा मोडतो.

शटरचे पडदे ज्या पात्यांचे असतात ती डोळ्यांनी पण बघता येतात. लेन्स काढा, डावीकडची रिलीज डायल एम-अपवर (Mup, म्हणजे आरसा वर) न्या आणि एकदा शटरचं बटण दाबा. आरसा वर जाईल आणि मागे शटरची काळी पाती दिसतील. मोबाइलच्या टॉर्चने बघा, तेलकट चमक, घासल्याच्या रेषा, वाकलेलं पातं असं काही आहे का. बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, पाती फार नाजूक असतात. 30 सेकंदांत कॅमेरा आपोआप क्लिक होतो आणि आरसा खाली येतो.

कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये हा आकडा फोटोत नसतो, केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर आणि व्हिडिओवर वापरलेला कॅमेरा कमी आकडा दाखवू शकतो, तिथे बाकीची तब्येत जास्त बघा.

सगळं ठीक वाटलं तर पावतीवर सिरियल नंबर आणि त्या दिवशीचा शटर काउंट दोन्ही लिहून सही घ्या, आणि पैसे त्यानंतरच द्या.