दारू सोडताय? या चुका टाळा

ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपापसातला गट) मीटिंगला नवीन आलेला माणूस मागच्या खुर्चीत बसून हिशेब करतो: 'हा सकाळपासून प्यायचा, मी तर फक्त रात्री घेतो.' इथंच गाडी अडते. दुसऱ्याच्या बाटल्या मोजू नका. 'उद्यापासून बंद' हे त्याचं आणि तुमचं वाक्य जुळतं का, तेवढं बघा. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एक गट रुचला नाही तर दुसऱ्यात बसून बघा. पेठेतलं कोणी ओळखीचं भेटेल ही भीती फुकटची आहे. तोही त्याच कारणानं आलेला असतो.

जिवावर बेतणारी चूक वेगळीच. जोतिबाची शपथ घ्यायची आणि एका रात्रीत बंद! रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, ताप, बडबड सुरू होते, त्यात माणूस दगावतोही. सकाळी हात थरथरत असतील किंवा पूर्वी फिट आली असेल तर आधी सीपीआर (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत, मोफत बोलता येतं. गटाचं काम दारू थांबवल्यानंतरचं, डॉक्टरचं त्याआधीचं.

मग येतो आखाड. त्र्यंबोलीची जत्रा, मटणाचं जेवण, 'भावा, आज एकच!' मन घट्ट आहे म्हणून तिथं जाऊ नका, पहिलं वर्ष तरी. जावंच लागलं तर निघताना स्पॉन्सरला (गटातला तुमचा जुना, अनुभवी सोबती) फोन करा, स्वतःची गाडी न्या, पहिल्याच पंगतीला जेवा आणि सटका. बरेच जण फोन करतात, पण पिऊन झाल्यावर.

स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायली गेलीच, तर लाजेनं महिनाभर तोंड लपवतात. दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जा. तिथल्या कित्येकांचं असं झालेलं असतं, कोणी हजेरी घेत नाही.

घरच्यांनी चहातून गुपचूप दारू सोडवायची गोळी (डायसल्फिराम) देऊ नये. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ती रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. वहिनींना स्वतःचं बोलायला अल-अॅनॉनचे, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांचे, गट आहेत. नवरा मीटिंगला येत नसला तरी तिथं जाता येतं.