विमानात बाळ मांडीवर असो की शेजारी

मी ठाण्याची, नौपाड्यातली. लेक बेंगळुरूला असते, त्यामुळे दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आमचं येणं-जाणं चालूच असतं. माझा हिशेब सरळ आहे: बाळाचं रडणं माफ, मोठ्यांचा बेफिकीरपणा नाही.

तिकिटं सगळ्यांची एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर काढा. 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यायची, असं डीजीसीएने, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, 2024 मध्ये विमान कंपन्यांना बजावलंय. 2 वर्षांच्या आतलं मूल मांडीवर चालतं, पण जन्मदाखला जवळ हवा. जागेची अदलाबदल मागायची वेळ आलीच, तर खिडकीच्या बदल्यात खिडकी द्या. कुणी पैसे भरून घेतलेली खिडकी मागायची, त्याला मागच्या रांगेत मधे बसवायचं आणि नाही म्हणाला तर तोंड वाकडं करायचं, हे बरं नव्हे.

बाळाच्या झोपेची वेळ बघून विमान निवडा, असं सगळे सांगतात. ठाणेकरांनी आधी विमानतळाकडे जाणाऱ्या जेव्हीएलआरची, म्हणजे पवईवरून जाणाऱ्या जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याच्या गर्दीची वेळ बघावी. आणि आता उलव्याहूनही, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटतात, तेव्हा तिकिटावर विमानतळ कुठला आहे ते नीट वाचा.

आता कानांचं. शेजाऱ्यांनीही हे वाचावं, कारण बरंचसं रडणं इथूनच येतं. विमान उतरू लागलं की केबिनमधला हवेचा दाब वाढतो. कान आणि घसा जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते, त्यामुळे दाब लवकर सारखा होत नाही आणि कान ठणकतो. आपण जांभई देतो, आवंढा गिळतो. बाळाला ते कळत नाही. म्हणून दूध तेव्हा पाजायचं. विमान सुटायच्या आधीच बाटली संपवून बसू नका. उतरायला लागल्याची घोषणा झाली की अंगावर घ्या किंवा बाटली द्या. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी. नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध पाजायचा सल्ला कुणी दिलाच, तर ऐकू नका.

खाऊ चुरा न होणारा न्या. आम्ही तूप-गूळ लावलेल्या पोळीची गुंडाळी नेतो. कुरमुरे नकोत, ते तीन रांगांपर्यंत पोचतात.

समोरच्या सीटला लाथा बसणार हे धरूनच चाला. बसल्याबरोबर बूट काढा, पाय आपल्या हातात ठेवा. समोरच्याने मागे वळून बघायच्या आत आपणच ‘सॉरी हं’ म्हणावं, निम्मा राग तिथेच उतरतो. मोबाईलवर बडबडगीतं लावायची तर आवाज बंद. बाळाला कळतच नसेल, पण फोन हातात देणाऱ्याला कळतं ना? लंगोट बदलायचा तर टॉयलेटमध्ये, सीटवर नाही. वापरलेला डायपर पिशवीत गुंडाळून तिथल्याच कचऱ्यात टाका. जेवण वाढणाऱ्या मुलीच्या हातात देऊ नका.

शेजारी बसणाऱ्यांनो, ‘भूक लागली असेल’, ‘टोपी घाला’ हे त्या आईला सुचून गेलेलं असतं. त्यापेक्षा ‘वरची बॅग काढून देऊ का?’ असं विचारा. न विचारता गाल ओढू नका, बिस्किट देऊ नका. आणि अगदीच सहन होत नसेल तर कानात बोळे घाला; ते खिशात मावतात.

विमान थांबल्यावर बाळवाल्यांनी घाई करू नये, रांग मोकळी होऊ द्यावी. बाबागाडी दारात मिळणार की बेल्टवर, हे ती देतानाच विचारून ठेवा. आणि एक बाटली परतीच्या गाडीसाठी शिल्लक राहू द्या. संध्याकाळी पवईला अडकलात तर तिथे कुठलीही घोषणा होत नाही.