सुटून आलेल्याच्या सोबतीला जाताना

जेलातून सुटलेल्यांच्या सोबतीचं काम आम्ही काही जण यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांत करतो. सगळे आत राहून आलेलेच. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्या भेटीत केस विचारू नका. ती तर गाव विचारतंच. आपण विचारायचं, "पुढची तारीख कधी?" जामिनावरचा माणूस सुटलो म्हणून निवांत होतो, तारीख चुकते आणि वॉरंट निघतं. केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर कोर्टांच्या ई-कोर्ट्स अॅपमध्ये टाकला की तारीख दिसते. पोलीस ठाण्यात हजेरी असेल तर पहिल्या वेळी बरोबर जा, बाहेरच्या बाकावर बसलात तरी पुरे.

खरी दमछाक कागदांची. आधारला जोडलेलं जुनं सिम बंद, म्हणून ओटीपी नाही, म्हणून बँकही अडते. आधी अंगठ्यावर नवीन सिम घ्या, मग आधार केंद्रात तो नंबर जोडा. त्याला कागद लागत नाही, माणूस समोर लागतो. राबून बोटं झिजलेली असतात. अंगठा उमटला नाही तर बुबुळावर घ्यायला सांगा. रेशन कार्डातून घरच्यांनीच नाव काढलं असेल तर तहसीलच्या आधी घरात बोला. तो वाद तहसीलदार मिटवत नाही.

कापूस फुटला की वेचणीला माणूस मिळत नाही, तेव्हा शेतमालक मागचं उकरत नाही. मजुरी किलोवर, हातात. सालदारकीची घाई मात्र नको. उचल घेतली की वर्षभर बांधला, आणि तारखेला सुट्टी मागायची म्हणजे रोज नवं कारण.

एकाला विचारलं, "काहून बावा, संध्याकाळी पारावर येत नाही?" म्हणे, "बंदीची वेळ झाली वाटते ना भाऊ." आत दिवस मावळायच्या आधी बंदी होते, म्हणजे माणसं बराकीत कोंडतात, आणि बराकीत रात्रभर दिवा असतो. घरच्यांना सांगा, काही दिवस एक बल्ब चालू राहू द्या. बिलावरून कटकट होते, होऊ द्या.

पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, काम आणखी अवघड. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आसपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिथेच येते. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, फोन १५१००. हा नंबर त्याच्या बायकोच्या नाहीतर आईच्या मोबाईलमध्ये टाकून द्या. त्याला उचललं की त्याचा मोबाईल पहिला जातो.