आधी माळ्यावर चढा: बंद पडलेली मॉडिफाय गाडी दुरुस्त करून बांधायची की विकायची?

खंबाटकीच्या चढाला माझ्या मॉडिफाय केलेल्या अबार्थ पुंटोनं, म्हणजे फियाटच्या छोट्या टर्बो गाडीनं, मान टाकली. मे महिना, साताऱ्याकडे निघाले होते. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि एकदम ताकद गेली. आरशात निळसर धूर, इंजिन लंगडायला लागलेलं. बाजूला घेऊन चावी बंद केली, ती परत फिरवली नाही. पुढचा खर्च आवाक्यात राहिला तो त्यामुळेच, म्हणून हे पहिलं सांगते. ‘बघू चालू होते का’ म्हणून स्टार्टर मारत बसू नका. आत एखादा तुकडा सुटला असेल तर प्रत्येक फेरीला तो बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, ओरबाडतो आणि एका पिस्टनचं काम अख्ख्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यावर, जातं. फ्लॅटबेड मागवा आणि गाडी उचलून आणा.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर मोजमापंच करते. गॅरेजवाले दादा म्हणाले, “ताई, हेड उतरवूनच बघू.” हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग. मी म्हटलं, “दादा, आधी मोजू, मग उघडू.” इंजिन एकदा उघडलं की अर्धा निर्णय आपल्या हातातून जातो. ट्रेमध्ये पार्ट पसरलेली गाडी धड विकता येत नाही आणि दुसऱ्या गॅरेजलाही नेता येत नाही. तपासणीचे पैसे वेगळे ठरवा, वेगळे द्या आणि आकडे कागदावर लिहून घ्या.

कॉम्प्रेशन टेस्टपासून सुरुवात करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघायचा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर गडबड आहे. माझे आकडे आले १६०, १५५, ८० आणि १६०. मग कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजायचं. आकडा चढला तर बहुधा रिंग किंवा पिस्टन, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. माझा ८० वरून १२० वर गेला. शेवटी लीकडाउन, म्हणजे प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते कान देऊन ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग-पिस्टन. माझी झाकणातून आली. मोबाइलला लागणारा छोटा वायरचा कॅमेरा आत सोडला, तर बोअरच्या भिंतीवर खोल ओरखडा नव्हता. इतकं कळायला हेडचा एकही बोल्ट सोडावा लागला नाही.

काय तुटलं ते कळलं, पण का तुटलं हे त्याहून महत्त्वाचं. मी बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवणारा मॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातलं नवं सेटिंग, टाकला होता, ती हवा थंड करणारा इंटरकूलर मात्र कंपनीचाच ठेवला होता. उन्हाळा, चढ, आत जाणारी हवा तापलेली, त्यात नॉकिंग झालं, म्हणजे इंधन अवेळी भडकलं, आणि पिस्टनची रिंग धरणारी कड गेली. हाच मॅप ठेवून नवा पिस्टन टाकला असता तर तोही गेला असता. माझं मत पक्कं आहे: कारण सापडत नसेल तर गाडी बांधू नका, आहे तशी विका.

आता माळा. मॉडिफाय करताना काढलेले मूळ पार्ट तुमच्याकडे आहेत का? कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह (कॅट, धूर स्वच्छ करणारा भाग) मूळ एक्झॉस्ट, मूळ स्प्रिंग-शॉकअप, इसीयूची, म्हणजे इंजिनच्या संगणकाची, मूळ फाइल? निम्मा निर्णय इथे होतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीची १५ वर्षं संपली असतील किंवा संपत आली असतील तर नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी उभी करावी लागते. २००४-०५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस जपणाऱ्यांनी हे आधी बघावं. मूळ पार्ट हाताशी नसतील तर ते शोधण्याचा खर्च दुरुस्तीतच धरा. नुसतं कॅट नवं घ्यायचं म्हटलं तरी हिशोब फिरतो.

पार्ट मिळतात का, हा पुढचा प्रश्न. अबार्थ पुंटो आपल्या रांजणगावातच बनायची, पण फियाटनं इथली विक्री बंद करून वर्षं झाली. १३६८ सीसीचं टी-जेट इंजिन फियाटच्याच लिनियातही होतं, त्यामुळे काही गोष्टी मिळतात. “जीप कंपासचंच बसतं” असं कुणी सांगितलं तर मात्र पार्ट नंबर जुळवा. घराणं एक असलं तरी कंपासच्या मल्टिएअर इंजिनाचं हेड वेगळं आहे. गॅस्केट, बेल्ट, बेअरिंगसाठी मी दोन शनिवार नाना पेठेत घालवले. पार्ट हातात येईपर्यंत इंजिन उतरवू दिलं नाही. गॅरेजमध्ये आठ महिने धूळ खात पडलेल्या गाड्यांची गोष्ट बहुतेक इथेच अडकलेली असते.

मग एक कागद घ्या आणि तीनच आकडे लिहा. आहे तशी विकली तर किती, बांधून स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, केली तर किती येतील, आणि बांधायला किती लागतील. तिसऱ्यात चौथाई वाढवा, कारण इंजिन उघडल्यावर काहीतरी निघतंच. माझे होते पावणेदोन लाख, सव्वापाच लाख आणि एक लाख साठ हजार, म्हणजे वाढवून दोन लाख. पावणेदोन अधिक दोन म्हणजे पावणेचार, वर दीड लाख उरत होते. बांधायची ठरली. मॅप, डाउनपाइप (टर्बोच्या पुढचा एक्झॉस्ट पाइप), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) यांवर आधी घातलेले पैसे या कागदावर येऊ देऊ नका. मला ते खोडताना त्रास झाला, पण गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. विम्यावरही विसंबू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही, आणि न कळवलेले बदल निघाले तर अपघाताचा क्लेमही अडू शकतो.

इंजिन उघडल्यावर मी स्वतः बोअर गेज घेऊन भोसरीच्या मशीन शॉपमध्ये गेले. ७२ मिलिमीटरचा बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजला. गोलाई आणि उतार दोन्ही मर्यादेत होते, म्हणून बोअर वाढवावा लागला नाही. तुम्हाला मोजता येत नसेल तर तिथे उभं राहून आकडे लिहून घ्या, नुसतं “चालतंय” ऐकून निघू नका. आता गाडीत मूळ मॅप आहे, कॅट परत लागलंय, आणि ती मला पूर्वीइतकीच आवडते.

तुमचा कागद ‘विका’ म्हणत असेल तर दोष लपवू नका. कॉम्प्रेशनचे आकडे आणि केलेले बदल लिहून द्या, खाली गिऱ्हाइकाची सही घ्या. व्हील, कॉइलओव्हर वेगळे विकले तर जास्त मिळतं, पण मूळ पार्ट लावूनच गाडी द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या पाहिजेत, कर्ज असेल तर बोजा उतरवायच्या ३५ वर सुद्धा. राज्यातल्या राज्यात विकल्यावर आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं. ‘नाव नंतर करतो’ म्हणणाऱ्या दलालाला गाडी देऊ नका: आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक म्हणून अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलंय. एमपरिवहन अ‍ॅपवर नवं नाव दिसेपर्यंत विमा चालू ठेवा.